पावलांपासून वर

तृप्ती सिस्टर मूळची पंचवटीची, नोकरीला पेठच्या डोंगरातल्या उपकेंद्रावर. काळजीनं शुगर वाढते, बीपी चढतं, हे पेशंटला सांगणं सोपं. पण ‘काळजी करू नका’ म्हटल्यानं काळजी थांबली असती, तर दवाखाने ओस पडले असते! म्हणून ट्रेनिंगमध्ये शिकवलेला अंग सैल सोडायचा व्यायाम तिनं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केला. ‘डोळे मिटा. पावलं सोडा. गुडघे सोडा. कंबर सोडा...’ असं करत थेट डोक्यापर्यंत. शेवटी एकेक अवयव हलवून, हळूहळू डोळे उघडायला सांगायचं असतं. पण तेवढ्यात लसीसाठी आणलेल्या लेकरानं भोकाड पसरलं आणि ते राहूनच गेलं. झोपले तर झोपू देत, असं म्हणून तिनं ते तसंच पेशंटच्या ग्रुपवर टाकलं.

आधी स्वतः चाखून मगच वाढलं होतं, एवढं मात्र खरं. बदलीच्या चिंतेनं तिचीही झोप उडाली होती. रोज दुपारी जेवणानंतर ती आपलाच आवाज ऐकत पडायची आणि मेल्यासारखी झोपायची.

सगळ्यात जास्त गुण आला पुंजाबाबांना. निफाडकडे द्राक्षाच्या कामाला गेलेल्या मुलाच्या काळजीनं म्हातारा झुरत होता. पाहता पाहता बीपी उतरलं, शुगरही उतरली. तृप्तीनं ही गोष्ट मीटिंगमध्ये सगळ्यांना कौतुकानं ऐकवली. आणि एका सकाळी त्यांच्या बायकोचा, फुलाबाईचा निरोप आला, ‘म्हातारा घरात हाय, पन घरात नाय.’

तृप्ती जेवण उरकून पाड्यावर निघाली. वाट सगळी दगडधोंड्यांची. एरवी ती धापा टाकत मध्येच बसायची, आज एका दमात वर आली. व्यायामाचा गुण, ती मनात म्हणाली.

पुंजाबाबा अंगणात खाटेवर पडले होते. डोळे उघडे, चेहऱ्यावर हसू. पापणीवर माशी बसली होती, पण पापणी हलत नव्हती. बीपी एखाद्या तरण्या पोराचं असावं तसं. शुगर बघायला तृप्तीनं बोटाला सुई टोचली, तेव्हा त्यांनी त्या बोटाकडे कुतूहलानं पाहिलं.

“कुनाचं बोट हाय ते?”

मधुमेहात पायांची जाणीव जाते, हे तिला पाठ होतं. पण असं विचारणारा पेशंट कुठल्याच पुस्तकात नव्हता.

“ह्या पाड्यात कुनाचा जीव अडकला का मला बोलवतात,” फुलाबाई म्हणाली. “मी उशाशी बसून सांगते, पावलांनो, निघा. गुडघ्यांनो, निघा. खालून वर, एकेक. तुझा मोबाइल रोज दुपारी तेच बोलतो, पोरी. धाडलंस ते धाडलंस, पन माघारी कोन बोलवनार?”

“आजी, तुम्हीच बोलवा ना.”

“मला धाडायचंच येतं. माघारी बोलवायची येळ कवा आलीच नाय.” आणि म्हातारी रडायला लागली. “माझा म्हातारा मला परत दे गं.”

तृप्तीनं पुंजाबाबांचं डोकं मांडीवर घेतलं. आपलाच राहिलेला शेवट ती आता वरून खाली सांगू लागली. “डोक्या, ये. डोळ्यांनो, या.” माशी उडाली. खांदे चोळले, हात चोळले. बोटांपाशी आली तसे पुंजाबाबा किंचाळले, “आवं, टोचलं ना!” मघाची सुई आत्ता दुखली होती. ती खाली सरकत पावलांपर्यंत आली. त्यांनी पाय आखडून घेतले आणि उठून बसले.

“पोराचा फोन आला का?” त्यांनी विचारलं. काळजीही परतली होती. तृप्तीचा जीव भांड्यात पडला.

“पोरी,” फुलाबाई हळूच म्हणाली, “तुझी चप्पल कुठं हाय?”

तृप्तीनं खाली पाहिलं. एका पायात चप्पल नव्हतीच, वाटेत कुठंतरी राहिली होती. त्या टाचेत बाभळीचा काटा अर्ध्याहून अधिक रुतलेला होता आणि पायरीपासून खाटेपर्यंत रक्ताचे डाग पडले होते. तिनं काटा दाबून पाहिला. काहीच कळलं नाही, काटा दुसऱ्याच कुणाच्या पायात असावा तसं.

पुंजाबाबांना तिच्या तोंडाकडे बघूनच सगळं उमगलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “डोक्या, ये. डोळ्यांनो, या.” शब्द ताजेच होते, एकही चुकला नाही. खांदे झाले, हात झाले, कंबर आली.

तेवढ्यात शेजारच्या घरातून आवाज आला. गोड, संथ, तिचाच. दुपारची ऐकायची वेळ झाली होती.

“डोळे मिटा. पावलं सोडा.”

तृप्तीच्या पापण्या जड झाल्या. फुलाबाई तो मोबाइल बंद करायला म्हातारपण विसरून धावली. पुंजाबाबा भरभर बोलू लागले.

“गुडघ्यांनो, या!”

“गुडघे सोडा,” शेजारून तिचाच आवाज म्हणाला.

तृप्तीनं दोन्ही हातांनी टाचेतला काटा आणखी आत रेटला. दुखू दे, देवा, ती म्हणत राहिली. एकदा तरी दुखू दे.