कोशातून गळालेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे. तुमच्या तळहाताएवढं, कडांनी पिवळं पडलेलं, खाली एक भोक असलेलं. वाढदिवसाचं किंवा लग्नाचं नव्हे बरं का. मी एका शब्दाचं कार्ड आहे: खिडकी.

शब्दकोश तयार करणाऱ्या एका कचेरीत माझा जन्म झाला. लांबट खोली, भिंतीभर लाकडी खण, आणि प्रत्येक खणात माझ्यासारखी हजारेक भावंडं. आमच्या भोकांतून लोखंडी सळई ओवलेली असे, म्हणजे कुणी जागा सोडू नये. माझ्या अलीकडे ‘खिजवणे’, पलीकडे ‘खिदळणे’. शेजार तसा बरा होता.

मला लिहिलं ताईंनी, कचेरीतल्या एका संपादक बाईंनी. खिडकीला युरोपात कुठे काय म्हणतात आणि का म्हणतात, हे शोधण्यात त्यांचे अकरा महिने गेले. इंग्रजीतला विंडो जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. स्पॅनिश वेंताना वाऱ्यावरूनच. रशियन ओक्नो डोळ्याच्या जुन्या शब्दावरून. पोर्तुगीज जनेला म्हणजे मुळात छोटं दार. फ्रेंच आणि जर्मन शब्द लॅटिन फेनेस्त्रापासून निघाले, पण लॅटिनला तो कुठून मिळाला हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. ताईंनी तसंच लिहिलं. ‘ठाऊक नाही’ लिहायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

कचेरीचा एक नियम होता. कार्ड काढलं, की त्याच्या जागी आपल्या नावाची लाल चिठ्ठी लावायची. ताईंनी तो आयुष्यात एकदाच मोडला.

त्यांची आई सहा महिने अंथरुणाला खिळून होती. एकदा म्हणाली, “तीस वर्षं चिटोरे खरडतेस. एक तरी वाचून दाखव की मला.” दुसऱ्या दिवशी ताईंनी मला पर्समध्ये घातलं. सकाळी परत लावायचंच आहे, चिठ्ठी कशाला, असं त्यांना वाटलं.

आईनं सगळं मन लावून ऐकलं. “सगळ्यांना वारा नाहीतर डोळा सुचला, आणि त्या एकांना दार? खिडकीतून पळून जात असतील मेले.” हसता हसता तिला ठसका लागला. मग म्हणाली, “राहू दे हे माझ्यापाशी. उद्या ने.”

मी उशीखाली राहिले. सकाळी ती उठली नाही.

गादी-उशी गुंडाळून माळ्यावर गेली, तिच्यासोबत मीही. ताईंना त्या दिवसांत जेवणाची शुद्ध नव्हती, माझी कुठून असणार? त्या रजेवर असताना आमचा खण छापखान्यात गेला. लाल चिठ्ठी नव्हती, म्हणून काही राहिलंय हे कुणाला कळलंच नाही. दोन महिन्यांनी गादी उन्हात टाकताना मी खाली पडले. ताई मला घेऊन तशाच कचेरीत धावल्या. टेबलावर नव्या कोशाचा गठ्ठा रचलेला होता, बांधणी होऊन.

शिपाईकाका हळूच म्हणाले, “ताई, गप्प बसा. खिडकी म्हणजे काय, हे बघायला कोण कोश उघडतंय?”

“मी उघडते ना, काका,” ताई म्हणाल्या आणि साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिलं. “खिडकी नसलेला कोश. लोक काय म्हणतील हो आपल्याला? आणि अशी चूक तुमच्याकडून?”

ताईंनी आईचं कारण सांगितलं नाही. “चिठ्ठी लावायची राहिली,” एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आवृत्तीत ‘खिडकी’ आली, एका ओळीत. वारा, डोळा, छोटं दार, सगळं जागेअभावी गळालं. संपादकांच्या यादीतून ताईंचं नावही गळालं. त्यांनी तक्रार केली नाही. जुन्या कागदांच्या खोलीत त्यांची बदली झाली, तिथूनच निवृत्त झाल्या, आणि काही वर्षांनी गेल्या. मी तिथेच एका खोक्यात राहिले.

परवा यंत्रावर कार्डांचे फोटो घ्यायला एक मुलगी आली. तिनं मला हातात धरलं, खणांतल्या कार्डांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

“हे यादीत नाही,” ती म्हणाली आणि मला रद्दीच्या पोत्यात ठेवलं. तिचा दोष नाही. तिला सांगायला कुणी उरलं नव्हतं.

मित्रांनो, पोतं अजून उचललेलं नाही. तुमच्या घरीही कुणाच्या तरी हातचा असा एखादा कागद असेल. यादीत नाही म्हणून त्यामागचे अकरा महिने नव्हतेच, असं समजू नका. टाकायचाच असेल तर टाका. पण आधी एकदा, सावकाश, मोठ्यानं वाचा.