चार बोटं जास्त

मी एक जुनी बाबागाडी आहे. लाल रंगाची, दोन मुलांनी शेजारी शेजारी बसायची. मित्रांनो, माझी गोष्ट सांगताना मला अजूनही लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नाशिकच्या एका दुकानात मी दर्शनी जागी उभी होते. माझ्या मागे एक राखाडी, अरुंद गाडी होती. तिच्यात एक मूल पुढे आणि दुसरं मागे बसायचं. मी मनातल्या मनात तिला हसत असे.

एके दिवशी शेखर आणि पल्लवी आपल्या मुलांना घेऊन आले. वेदिका अडीच वर्षांची, ओम सहा महिन्यांचा. पल्लवीला बालवाडीत शिकवायची नोकरी लागली होती आणि रोज सकाळी दोघांना घेऊनच तिला निघायचं होतं. तिनं त्या राखाडी गाडीवर हात ठेवला.

"अहो, ही बरी आहे. आपलं दार लहान आहे."

"मागच्याला काय दिसणार, पुढच्याची पाठ?" शेखर म्हणाला. "ही लाल बघ. दोघं कशी थाटात बसतील!"

"पण दार मोजलंय का?"

"अगं, दिवसभर मोजमापच करतो मी. जाते आरामात."

शेखर अंबडच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायचा. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवायचा. मला मात्र त्यानं नुसत्या नजरेनं पास केलं, आणि मी फुशारले.

सातपूरच्या घरी पोचलो आणि मी दारातच अडकले. शेखरनं जोर लावला. चौकटीवर लांब ओरखडा उठला, तोरण खाली पडलं. निफाडहून आलेल्या त्याच्या आईनं, मालनबाईंनी, आधी दाराला वीत लावली, मग मला.

"दार साडेतीन वीत हाय, अन् ही त्याच्यावर चार बोटं. कारखान्यात काय मोजतो रं तू?"

पल्लवीनं पडलेलं तोरण उचललं. मला कुठंतरी लपावंसं वाटलं.

मालनबाई गावी परतल्या. पल्लवी मला रोज घडी करून आडवी बाहेर ओढायची आणि रस्त्याकडेला उघडायची. माझी घडी एका हातानं उघडत नसे, म्हणून तिला ओमला उंबऱ्यावर बसवावं लागे. एका सकाळी ती माझ्या खिट्टीशी झटत होती. कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघालेल्यांच्या मोटारसायकली सुसाट चालल्या होत्या. तेवढ्यात वेदिका रस्त्यावर धावली. ब्रेक किंचाळला. पोर वाचली, पण गुडघा चांगलाच फुटला. तिचं रडणं मी जागच्या जागी उभी राहून ऐकलं.

"नको मला ती नोकरी," संध्याकाळी पल्लवी म्हणाली.

शेखरनं टेप काढली. दार मोजलं, मला मोजलं, पुन्हा दार मोजलं. मग तो खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. नोकरी सोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती राखाडी गाडी घरी आली. दोन्ही मुलांना घेऊन ती दारातून अलगद बाहेर पडली. पल्लवी वेळेवर बालवाडीत पोचली. मी त्या गाडीला किती हसले होते!

आता मी निफाडला मालनबाईंच्या द्राक्षबागेत असते. हंगामात पेठ तालुक्यातून कामाला येणाऱ्या भागीबाईची दोन लेकरं माझ्यात झोपतात. वेलींच्या ओळींमधून मी कुठंही अडकत नाही. मालनबाई म्हणतात, "लय कामाची हाय." ते ऐकूनही माझी मान वर होत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी बाबागाडी घ्यायची असेल, तर आधी दार मोजायला सांगा. आणि जी बाई ती गाडी रोज ढकलणार आहे, तिचं ऐकायला सांगा.

मागच्या सुट्टीत वेदिका बागेत आली होती. तिच्या गुडघ्यावर अजून पांढरा वण आहे. मला बघताच ती धावत आली आणि माझ्या दांडीला बिलगून ओरडली, "आजी, ही माझी गाडी!"