पुढचं कुणी सांगायचं नाही

फुटबॉल शिवायच्या त्या शेडमध्ये यंत्र नव्हतं, म्हणून आवाजही नव्हता. दोन सुया, मेण चोळलेला दोरा, भोकं पाडायला आरी आणि गुडघ्यांत धरलेला लाकडी चिमटा. चिमट्यात कातडीचे तुकडे अडकवायचे आणि दिवसभर दोरा ओढत बसायचं. बोटांना चिरा पडायच्या, त्यात मेण भरायचं, आणि कंटाळा असा की माणूस माणसाला चावेल. म्हणून तिथे एक पद्धत पडली होती. एकीने शिवायचं नाही, मोठ्याने वाचायचं. तिच्या वाटणीचे चेंडू बाकीच्यांनी मिळून शिवायचे.

ती एक म्हणजे मास्तरीण. शाळा सातवीतच सुटलेली, पण आवाज खणखणीत. बाकी सगळे जमिनीवर आणि ही खुर्चीवर, म्हणून मास्तरीण.

पुस्तकं ती भंगारवाल्याकडून उचलून आणायची. राजाराण्यांच्या गोष्टी लोकांनी पहिल्याच आठवड्यात हाणून पाडल्या. "ज्यात बस आहे, रेडिओ आहे, घरभाडं आहे, तसलं वाच," थोरली म्हणाली होती. शेडमध्ये सगळ्यांत वडील तीच, तिचं कोण मोडणार? मग आपल्या बापाच्या तरुणपणातलं जग सुरू झालं. कुठल्या कुठल्या देशांतलं. लष्कराने रात्रीतून उचलून नेलेली पोरं, खाणीत गाडले गेलेले कामगार, शेजाऱ्याने शेजाऱ्याचं घर पेटवलं ते गाव. नकाशावर बोट ठेवता आलं नसतं एकालाही, पण तिथल्या गल्ल्या तोंडपाठ.

नियम एकच होता. पुढचं कुणी सांगायचं नाही. सांगेल तिची खुर्ची गेली.

तेव्हा चालू होती ती कादंबरी एका बंदरातल्या संपाची. गोदी कामगार संप ठरवतात आणि सुरू होण्याआधीच तो मालकाच्या कानावर जातो. आपल्यातलाच कोणीतरी फितूर. नेमकं तेच शेडमध्येही घडलेलं. कामाच्या वेळी मागचं दार बाहेरून कुलूपबंद करायचे. ते उघडं ठेवलं नाही तर सोमवारपासून हातात सुई धरायची नाही, असं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी ठरवलं. सोमवारी सकाळी तिघींना फाटकावरूनच हाकललं. त्यांतली एक, शेडमध्येच शिवायला बसणाऱ्या पैलवानाची बायको.

तेव्हापासून पैलवान जेवत नव्हता, नुसता लोकांची तोंडं वाचत होता.

त्या दुपारी मास्तरणीने फितूर ओळखायचं प्रकरण वाचलं. गोदीवाले एका हमालाला हेरतात. तो चारचौघांत हसत नाही. बोलणं रंगात आलं की उठून जातो. आणि अंगावर एक नवी वस्तू. त्याला लोखंडी आकड्यांनी मारतात. मास्तरणीने ते असं वाचलं की दोरे हातातच थांबले. प्रकरण संपलं, तिने पुस्तक मिटलं.

पुढचं तिला माहीत होतं. आदल्याच दिवशी घरी वाचून आलेली. तो हमाल निर्दोष निघतो. त्याच्याकडे पहिलं बोट दाखवणाराच फितूर असतो.

तेवढ्यात घुमी मोरीतून तोंड धुऊन आली. कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली बाई. वाचन चालू असताना रोज उठून जायची.

"घुमे," पैलवान म्हणाला, "चपला झकास आहेत गं. कुणी घेतल्या?"

"बहिणीच्या आहेत."

"बहिणीच्या. आणि रोज मध्येच उठून कुठं जातेस? बहिणीकडेच?"

कुणीतरी फिसकन हसलं. घुमी हसली नाही. तिथेच चुकलं तिचं.

पैलवानाने चिमटा उचलून तिच्या तोंडावर घातला. दात तुटल्याचा आवाज खुर्चीपर्यंत आला. ती खाली बसली तसे चारजण उठले, मग दहा. काल जिच्या डब्यातलं कालवण मागून खाल्लं, तिच्याच पायांवर थोरली बसली. एकाने तिचा हात फरशीवर दाबला. "आता घे म्हणावं मालकाचे पैसे या हातात," असं म्हणत दुसऱ्याने आरी तळव्यातून आरपार घातली. घुमी ओरडत नव्हती. ओरडत नाही म्हणून आणखी मारत होते.

वाचनाने माणूस सुधारतो म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्या दुपारी तिथे उभं राहायला हवं होतं.

मास्तरीण खुर्चीतच होती. बोट पुढच्या प्रकरणात. बोलली की उद्यापासून जमिनीवर, सुई, दोरा, चिरा. तिने आपल्या गुळगुळीत झालेल्या बोटांकडे पाहिलं. तोवर पैलवानाने चपलेच्या टाचेने घुमीचा डोळा फोडला.

तेव्हा ती उठली. पुस्तक उघडून घसा ताणून वाचायला लागली. हमाल निर्दोष होता. ज्याने आधी त्याचं नाव घेतलं, तोच गोऱ्यामोऱ्या चेहऱ्याने साहेबाकडे जात होता.

हात थांबले. घुमीच्या नाकातून रक्ताचे बुडबुडे येत होते.

"पुन्हा वाच," थोरली म्हणाली.

तिने पुन्हा वाचलं.

"इथं पहिलं कोण बोललं?"

वाचवायला उठली मास्तरीण, आणि हे काय करून बसली. "अगं बाई, पुस्तक आहे ते," ती म्हणाली, "तसं नसतं."

"मघाशी होतं," थोरली म्हणाली.

पैलवान हसला. "माझीच बायको घालवली मी? डोकी फिरली काय रे तुमची?" आडदांड माणूस, पण मागून मानेत आरी शिरल्यावर आडदांडपणाचं काय होतं? तो गुडघ्यांवर आला. मग तेच चिमटे, तेच लोक. एक गुडघा उलट्या बाजूला वाकला. तो मात्र ओरडत होता, बायकोचं नाव घेऊन.

मालक धावत बाहेर आला. शेडच्या टोकाला त्याची खोली, मध्ये नुसती प्लायवूडची भिंत.

"वेड लागलंय का? गोदीतल्या कुठल्या हमालाची गोष्ट, आणि तुम्ही खऱ्या माणसाचे हातपाय मोडता? सोडा त्याला."

सोडलं. ऐकायची सवय मोठी वाईट.

थोरलीच्या हातात अजून चिमटा होता. ती हळूच म्हणाली, "मालक, हमालाचं तुम्हाला काय माहीत?"

मालकाने नकळत प्लायवूडकडे पाहिलं. सगळ्यांनी तिकडेच पाहिलं. त्याच भिंतीला टेकून रोज डबे उघडायचे. दाराचं, संपाचं, सगळं तिथेच ठरलं होतं. फितूर कुणीच नव्हता. वाचन ऐकायला म्हणून तो भिंतीला कान लावून बसायचा, आणि वाचन संपलं तरी उठायचा नाही.

वीसेक माणसं. हातात आऱ्या, मनगटापर्यंत रक्त. आणि समोर एकटा मालक.

कुणी त्याच्या केसालाही धक्का लावला नाही.

"फरशी धुऊन घ्या," तो म्हणाला, आणि खरोखरच दोघे बादल्या आणायला गेले. थोरलीने चिमटा जागेवर नेऊन ठेवला.

पैलवानाला चौघांनी हातगाडीवर घातलं. मास्तरणीने घुमीला उठवलं. मागच्या दाराला कुलूप, म्हणून मालकाच्या खोलीतूनच निघाली. भिंतीशी एक उशी लावलेलं स्टूल होतं, शेजारी फरशीवर चहाचा अर्धा कप. ती कपावर पाय देऊन गेली.

रस्त्यावर रिक्षा थांबेना. रक्त बघून पळवत होते. पायीच निघाल्या. घुमीच्या तोंडावर ओढणी दाबलेली, त्यामागून ती म्हणाली, "मारामारीचं आलं की मला ऐकवत नाही. म्हणून उठून जायचे. मोरीत रडायचे."

मास्तरणीने तिचा धड हात घट्ट धरला.

"तुला पुढचं आधीच माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"काल वाचलं."

"मग मला मारत होते तेव्हा काय करत होतीस?"

थाप मारता आली असती. भीती वाटली, सुचलं नाही, काहीही चाललं असतं.

"मला परत शिवायला बसायचं नव्हतं," मास्तरीण म्हणाली.

घुमी चालता चालता थांबली. उरलेल्या एका डोळ्याने तिच्याकडे बघत राहिली.

"हात सोड माझा."

सोडला असता तर ती तिथेच कोसळली असती. मास्तरणीने सोडला नाही. दवाखाना येईपर्यंत ती धरून राहिली, आणि दवाखाना येईपर्यंत घुमी तो हात ओढून घेत राहिली.