दर सातवा माणूस

प्रयोगशाळेत नमुनेकाकांना सगळे मान देत. देशातल्या लोकांच्या रक्तातल्या खुणांचा तक्ता करायचं बारा वर्षांपूर्वी ठरलं, तेव्हा एकमेकांशी नातं नसलेल्या दोनशे माणसांचं रक्त त्यांनी एकट्याने गोळा केलं होतं. कोणती खूण किती जणांत असते ते या तक्त्यावरून कळतं. खूण दुर्मिळ असेल तर मेलेल्याची किंवा गुन्हेगाराची ओळख पटते. ऊठसूट कुणातही सापडत असेल तर नाही.

एकशे सत्तर माणसं काकांनी उन्हातान्हात वणवण करून मिळवली. उरलेली तीस चुलतभावाच्या लग्नात, जेवणाआधी उरकली. घरचाच माणूस सुई टोचतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? फॉर्मवर सगळ्यांपुढे 'नातं नाही' लिहिलं. आत्या त्या दिवशी रुसलेली होती, तेव्हा तिच्यापुरतं ते खरंही होतं.

यंदा बोट बुडाली. तिच्यात काकांचा थोरला भाऊ होता. चार महिन्यांनी हाडं मिळाली. वहिनींना मूलबाळ नाही, म्हणून जुळवणीसाठी रक्त काकांनी दिलं.

"खुणा जुळतात, काका," विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "पण तुमच्या घराण्यातली ही मुख्य खूण देशात दर सातव्या माणसात आहे. हा कुणीही असू शकतो."

"दर सातव्या?"

"तक्ता तुमचाच. मी कशाला शंका घेऊ?"

काकांनी दार लोटलं आणि लग्नाची सगळी हकिगत सांगून टाकली: ती खूण देशाची नव्हती, मांडवातल्या तीस नातेवाइकांची होती. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"या तक्त्यावर नऊशे निकाल लागलेत, काका. माणसं तुरुंगात आहेत. तुम्ही मला काही सांगितलेलं नाही."

"नवा तक्ता करू या ना."

"मागणीत कारण लिहावं लागतं. काय लिहू, जेवण छान होतं?"

"मग माझा भाऊ?"

"'ओळख अनिश्चित.' इथे सही करा. नमुने विभागाची सही लागते."

काकांनी सही केली.

बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत इस्त्री केलेला शर्ट.

"भाऊजी, सापडले का हो हे?"

"अजून... तपास चाललाय."

"तुम्ही आत आहात, मला कसली काळजी? एवढा शर्ट ठेवा त्यांच्याजवळ. आत फार गारठा असतो म्हणे."

काकांनी घडी न मोडता शर्ट त्या हाडांच्या खोक्यावर, क्रमांक एकेचाळीसवर ठेवला. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद करायचा नियम होता, आणि तो काकांनीच घातला होता. त्यांनी वही उघडली आणि लिहिलं: शर्ट, एक. मालक अनिश्चित.