उजवा चॅनेल

माझी बायको आमच्या घराच्या उजव्या बाजूला असते. त्यामुळे मी विकत आणलेल्या प्रीॲम्प्लिफायरचा उजवा चॅनेल खराब निघाला, तेव्हा तिचा आवाज बंद झाला.

प्रीॲम्प्लिफायर म्हणजे रेकॉर्ड प्लेअर आणि मोठा ॲम्प्लिफायर यांच्या मधली पेटी. आवाज किती, खर्ज किती, डावीकडे किती आणि उजवीकडे किती, हे ती ठरवते. ही पेटी १९७७ सालची, जपानी, अक्रोडाच्या लाकडात बसवलेली. ती मिरजेच्या हेरवाडकरांकडे होती आणि मी सहा वर्षं तिच्यासाठी त्यांच्या मागे लागलो होतो. एका रविवारी सकाळी गेलो, तर त्यांनी ती आपणहून जुन्या धोतरात गुंडाळून दाराशी ठेवली होती.

"चालू करून दाखवता का?" मी विचारलं.

"दाखवलं असतं, पण घरात आता मी एकटाच हाय," हेरवाडकर म्हणाले. "एकट्याला दोन्ही बाजू लागत न्हाईत. उजवीकडचं मला काय सांगता यायचं न्हाई. घेऊन जावा तुम्ही."

मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. बिघडलेल्या वस्तूला मी भीत नाही. उलट धडधाकट वस्तू घरात आली की यांना करमत नाही, असं माझी बायको मृणाल म्हणते. म्हणजे तेव्हा म्हणायची. सांगलीला परत आल्या आल्या मी पेटी हॉलमधल्या कपाटावर ठेवली, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. स्वयंपाकघर उजवीकडे आहे. कुकरनं शिट्टीसाठी वाफ सोडली, पण शिट्टी ऐकू आली नाही. नळ मुकाट वाहत होता. मृणाल दारात येऊन काहीतरी म्हणाली. तिच्या हातात झारा होता, आणि तो ज्या तऱ्हेनं हलत होता त्यावरून ती काय म्हणत असेल याचा मला साधारण अंदाज आला.

ती माझ्या टेबलाशी, डावीकडे आली तर ऐकू येईल असं आम्हाला वाटलं. पण ती डावीकडे आली की भिंती निमूटपणे फिरायच्या आणि ती पुन्हा उजवीकडेच असायची. पेटी बंद करून पाहिली, प्लग काढून पाहिला. काही फरक पडला नाही. एकदा गेलेला चॅनेल प्लग काढून परत येत नसतो, एवढं मला कळायला हवं होतं.

पेटीवर बॅलन्सचं एक बटण आहे. ते पूर्ण उजवीकडे फिरवलं की तिचा आवाज अगदी बारीक, खरखरत यायचा, पण तेवढ्यापुरता माझा जायचा. मग आम्ही पाळ्या लावल्या. ती बोलणार तेव्हा बटण उजवीकडे, मी बोलणार तेव्हा डावीकडे. बटण माझ्या खुर्चीजवळ होतं. ती दिवसभर हाताच्या खुणेनं "अहो, फिरवा ना" करायची, आणि मी फिरवायचोही. पण बहुतेक वेळा माझं बोलून संपल्यावर.

मृणाल बावीस वर्षं डॉक्टर मगदुमांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नावं पुकारते. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले की पेशंट डोळे मिटून बाकावर बसून राहतात. नाव ऐकू आलं की उठतात, मग ती हात धरून त्यांना आत नेते. दवाखान्यातही ती उजवीकडेच निघाली. दोन दिवस तिनं नुसतं खांद्याला हात लावून काम भागवलं. एक आजोबा असे दचकले की त्यांची काठी दुसऱ्याच्या पायावर पडली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बाई, सोमवारपर्यंत आवाज आणा. नाहीतर मी नंबरची घंटी बसवून घेतो." हे तिनं मला कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दाखवलं. त्याखाली लिहिलं, 'घंटीला कुणाचं नाव माहीत नसतं.' तिचे डोळे भरून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथल्या तिथे पेटीचं झाकण उघडलं.

उजव्या बाजूचे पाच कपॅसिटर थकले होते. कपॅसिटर वीज साठवतो, आणि पेटी बंद असली तरी धरून बसतो. म्हणून काढण्याआधी तो रिकामा करावा लागतो. मी पहिल्याच्या दोन पायांना रेझिस्टर लावला. त्यातून मृणाल म्हणाली, "चहा निवला." दुसऱ्यातून, "कोळेकर, दत्तू कोळेकर." तिसऱ्यातून सिलिंडर संपल्याचं आलं. चौथ्यात नुसतं हसणं होतं, आणि ती त्या आठवड्यात कशाला हसली असेल ते मला आठवेना. पाचव्यातून ती म्हणाली, "ऐकताय ना?"

मी "हो" म्हणालो. पण ते तिनं मंगळवारी विचारलेलं होतं.

आता तिथे पाच नवे बसवले की काम संपत होतं. पण जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचा एक नियम असतो. कुठलाही भाग एकटा बदलायचा नाही, त्याच्या जोडीचा दुसऱ्या बाजूचाही बदलायचा. एकीकडे नवा आणि दुसरीकडे जुना राहिला तर गाणं एका अंगाला कलतं. हा नियम मी कधी मोडलेला नाही आणि त्याचा मला गर्व आहे. मृणालनं कॅलेंडरवर लिहिलं, 'फक्त माझीच बाजू करा.' मी तिला समजावून सांगितलं की तसं करत नाहीत, की हे तिच्याच भल्याचं आहे. ती बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. बटण माझ्याकडेच फिरवलेलं होतं.

मग मी डाव्या बाजूचे पाच रिकामे केले. त्यांत माझा आवाज होता. पाचांत मिळून एकच शब्द होता, "नंतर." मृणाल माझ्या खुर्चीमागे उभी राहून ऐकत होती. मला माझीच लाज वाटली, आणि मी मान खाली घालून सोल्डरिंग करत राहिलो.

दहाच्या दहा नवे कपॅसिटर मी मीटरवर मोजून, जोड्या लावून बसवले. रविवारी दुपारी पेटी पुन्हा कपाटावर ठेवली. मीटरवर दोन्ही चॅनेलमध्ये केसाएवढाही फरक नव्हता.

"आला का?" मृणाल म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात होती. आवाज हॉलच्या मधोमध, टीपॉयच्या हातभर वरून आला.

"आला," मी म्हणालो. तोही तिथूनच आला.

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या झाल्या की गाणारा बरोबर मध्ये उभा राहतो, जिथे काहीच नसतं. एवढं साधण्यासाठी आमच्यासारखी माणसं आयुष्य घालवतात. त्यामुळे मला आधी आनंदच झाला. मृणालनं आपल्या गळ्यावर हात ठेवून पाहिला. "हा माझा नाही," असं टीपॉयच्या वर ऐकू आलं. ना तो आवाज तिचा होता ना माझा. कोण बोललं ते मला तिच्या ओठांवरूनच कळलं.

सोमवारी ती दवाखान्यात गेली आणि मी घरी थांबलो. तासाभरात पिठाच्या गिरणीतून फोन आला.

"काका," गिरणीवाला म्हणाला, "हितं चक्कीपाशी कोण तरी नावं पुकाराय लागलंय. दिसत कोण न्हाई. पण मध्येच 'चष्मा आणलाय का' म्हणून विचारलं, तवा म्हटलं काकूच असतील."

गिरणी आमच्या घराच्या आणि दवाखान्याच्या बरोबर मध्ये आहे. मी "येतो" म्हणालो. ते त्याला फोनमधून नाही, शेजारून ऐकू आलं असावं, कारण तो ओरडला आणि फोन बंद झाला.

मी चपला घालून निघालो. मी दवाखान्याकडे चालत गेलो, तसा आवाज माझ्या पुढे पुढे सरकत गेला. तो अर्ध्या रस्त्यात एका भाजीवालीशी बोलला, पाण्याच्या टाकीखालून गेला आणि दवाखान्यात शिरला. आत मृणाल नेहमीसारखी उजव्या भिंतीशी, टेबलामागे उभी होती. मी पावलं मोजून डाव्या भिंतीला पाठ लावली. आमच्या मध्ये बाक होते आणि बाकांवर डोळे मिटलेली माणसं होती. तिला एवढं केविलवाणं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नुसती तिचीच बाजू दुरुस्त केली असती तर काय बिघडलं असतं, असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं.

मृणालचे ओठ हलले. "गौराबाई आवटी," असं बाकांच्या मधोमध ऐकू आलं.

एक म्हातारी बाई उठली. डोळे मिटूनच ती आवाजाकडे, मधल्या मोकळ्या जागेकडे वळली आणि तिनं हात पुढे केला. मृणालनं सवयीनं आपल्या जागेवरून हात पुढे केला. त्यानं काही झालं नाही. मग मीही माझा हात पुढे केला. तेव्हा गौराबाईंची बोटं कशाभोवती तरी मिटली आणि त्या चालू लागल्या.

आम्ही दोघं दोन भिंतींच्या कडेनं, आपापले हात तसेच पुढे धरून, डॉक्टरांच्या खोलीकडे निघालो. एकाचं पाऊल मागे राहिलं की गौराबाईंची मूठ सैल पडत होती. म्हणून आम्ही एकमेकांवरून नजर काढली नाही. मृणालकडे इतका वेळ मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. डॉक्टरांचं दार बारा पावलांवर आहे. आमची चाळीस झाली होती आणि दार होतं तेवढंच लांब होतं.

"बाई," गौराबाई म्हणाल्या, "आज अशा गप का? बोला की कायतरी."

आवाज एकच होता. दोघं एकदम बोललो तर त्याचं काय होईल, हे आम्ही करून पाहिलं नव्हतं. तिनं बोलावं म्हणून मी तोंड मिटून थांबलो. माझं होऊ द्यावं म्हणून ती थांबली होती.

गौराबाईंनी दुसरा हात वर केला आणि समोरच्या मोकळ्या जागेत, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर, त्या चाचपू लागल्या.