दोन सुळ्यांची कवळी

मी कवळी बोलतेय. म्हणजे बोलायचा प्रयत्न करतेय, जरा सांभाळून घ्या. माझ्यामुळे माणसाचं बोलणं बिघडतं, अशी माझी ख्याती आहे.

कवळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पेल्यातल्या पाण्यात बुडालेली बत्तिशी आली असेल. माझी तेवढी ऐपत नाही. मला दोनच दात, तेही सुळे, बोटाच्या पेराएवढे लांब. टाळूला बसणारी गुलाबी पट्टी आणि तिला लटकलेले हे दोघे, एवढाच माझा संसार. माणसांच्या मानेला चावून रक्त प्यावं, यासाठी माझा जन्म झाला. प्रत्यक्षात मी आयुष्यात एकदाच काही चावलं. तो वडापाव होता, आणि तोही माझ्याच्यानं तुटला नाही.

माझा जन्म दापोडीचा. रेल्वेलाइनला लागून असलेल्या गल्लीत किसनदादांची एका खोलीची कार्यशाळा आहे. आसपासचे दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि किसनदादा कवळ्या करून देतात. अबोल माणूस. लोकांच्या तोंडात भाषा बसवायची आणि स्वतः गप्प राहायचं, असा त्यांचा खाक्या.

त्यांची मुलगी मिनल तेव्हा सोळा वर्षांची होती. गॅदरिंगमधलं तिचं काम बघून निरंजन नावाच्या तरुणानं तिला आपल्या सिनेमात घेतलं. निरंजन निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यात राहायचा. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून तो दिग्दर्शक झाला होता. सिनेमाचं नाव ‘अकरावीची अमावास्या’. कॉलेजात नवी आलेली एक मुलगी, जी खरं तर रक्त पिणारी व्हॅम्पायर असते, तिची गोष्ट.

“बाजारात प्लॅस्टिकचे सुळे मिळतात काका, पण ते खेळण्यातले वाटतात,” निरंजन म्हणाला.

“माझ्या पोरीच्या तोंडात खेळण्यातलं काय जायाचं न्हाई,” किसनदादा म्हणाले. “मी करतो.”

त्यांनी मिनलच्या दातांचं माप घेतलं, प्लास्टरचा साचा केला, मेण लावलं. तीन दिवस दुसऱ्या कुठल्या कामाला हात लावला नाही. सगळं उत्तम चाललं होतं. शेवटच्या दिवशी मात्र त्यांच्यातला कारागीर मागे पडला आणि बाप पुढे आला. पट्टी तुटली आणि तुकडा पोरीच्या घशात गेला तर? या धास्तीनं त्यांनी जिभेकडच्या बाजूला आणखी एक थर चढवला. मग आणखी एक.

मी जन्मले ती अशी. दिसायला देखणी आणि कमरेत जाड.

शूटिंग निरंजनच्या बंगल्याच्या गच्चीवर. तिथली सगळी दृश्यं रात्रीची आणि शूटिंग भर दुपारी, कारण मोठे दिवे कुणाकडे नव्हते. कॅमेऱ्यापुढे निळी काच धरली की रात्र होते, असा निरंजनचा सिद्धान्त होता. पडद्यावर मिनलच्या मागे पत्र्यावर वाळत घातलेले पापड स्पष्ट दिसतात. अमावास्येला पापड कोण वाळवतं, हा प्रश्न प्रेक्षक आजतागायत विचारतात.

सिनेमातल्या त्या मुलीच्या बाकावर कुणी बसत नसतं. एक मुलगा बसतो. महिनाअखेर तिनं त्याचं रक्त प्यायलं नाही, तर ती नाहीशी होणार असते. शेवटी ती त्याला गच्चीवर बोलावते आणि म्हणते, “मला तुझं रक्त नको, सोबत हवी.”

साधं वाक्य. पण मी तोंडात असताना मिनलच्या जिभेला हलायला जागाच नव्हती. ती म्हणाली, “मला थुझं रक्थ नको, शोबथ हवी.”

निरंजननं कपाळावर हात मारला. आवाज नंतर वेगळा भरायची सोय नव्हती. “मिनल, ती कवळी काढ. पांढऱ्या कागदाचे सुळे चिकटवू. लांबून कळत नाही.”

“नको.”

“अगं, सीन मरतोय! तुझ्या बाबांना काय कळणार आहे?”

“त्यांना कळेल,” मिनल म्हणाली. “मला हेच घालायचंय.”

सतरा वेळा ते वाक्य झालं. सतराही वेळा शोबथ. तिच्या हिरड्यांतून खरंच थोडं रक्त आलं. सबंध सिनेमात तेवढंच खरं होतं, आणि ते मी माझ्याच मालकिणीचं काढलं. कर्तबगारी बघा माझी!

पिंपरीतल्या एका थिएटरात सिनेमा सकाळच्या खेळाला लागला. दुसऱ्या रांगेत किसनदादा, त्यांची बायको सोजरबाई आणि मधे मिनल. नव्या फ्रॉकच्या खिशात तिनं मला हौसेनं आणलं होतं. शेवटचा प्रसंग आला, ते वाक्य आलं, आणि सगळं थिएटर फुटलं. लोक हसून हसून खुर्च्या बडवायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, “अय, शोबथ पायजे का?”

मिनलनं मान खाली घातली ती दिवे लागेपर्यंत वर केली नाही.

घरी आल्यावर तिनं मला टेबलावर ठेवलं. पुन्हा कुठल्या नाटकात काम केलं नाही. किसनदादांनी मला उचललं, बोटात धरून जाडी पाहिली आणि त्यांना कळलं. कुणाला काही बोलले नाहीत. लोकांनी माप देऊन नेल्याच नाहीत अशा कवळ्या ते एका खणात ठेवायचे. त्यांत माझी रवानगी झाली. तिथं सगळ्याजणी वयस्कर. मी सुळे घेऊन गेल्यावर त्या जरा सरकून बसल्या.

वर्षं गेली. मिनल शिकली, चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात लागली. गाडीचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत, हे बघायचं तिचं काम. हाताखाली आठ जणी. माझा खण मात्र तसाच बंद राहिला. सिनेमाचा विषय घरात निघत नसे.

पण सिनेमा मेला नव्हता. कुणीतरी तो इंटरनेटवर टाकला होता. पोरं मोबाइलवर बघायला लागली, आधी हसायला. पापड मोजायला. मग दर वर्षी चिंचवडच्या एका सभागृहात रविवारी सकाळी त्याचा खेळ होऊ लागला. काळे झगे घालून, डबे घेऊन दोन-तीनशे मुलं जमू लागली.

एक दिवस मिनलच्या विभागातल्या करिष्मा नावाच्या ट्रेनी मुलीनं मोबाइल आणि मॅडम यांच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. “मॅडम, तुम्ही त्या... शोबथवाल्या?”

दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या कँटीनला कळलं. संध्याकाळी मिनल घरी आली ती तणतणतच.

“सोळा वर्षं झाली आई, तरी पिच्छा सोडत नाहीत. आता रविवारी खेळ आहे म्हणे, मला बोलावतात. टिंगल करायला!”

सोजरबाई म्हणाल्या, “नगं जाऊ. हसत्यात त्यांचे दात दिसत्यात.”

भिंतीपलीकडे काम करणाऱ्या किसनदादांनी हे सगळं ऐकलं.

रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खण उघडला, मला रुमालात गुंडाळून खिशात टाकलं आणि चिंचवडची बस धरली. टिंगल थांबवायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. वय बासष्ट, आयुष्यात कधी भांडण केलं नव्हतं. खिशात मला त्यांच्या छातीची धडधड ऐकू येत होती.

सभागृहात गेले तर अंधार. सिनेमा सुरू झालेला. ते मागच्या रांगेत बसले. पोरं पापड दिसल्यावर टाळ्या वाजवत होती, निळ्या काचेवर चुकून बसलेली माशी पडद्यावर आली की तिचं स्वागत करत होती. किसनदादांच्या मुठी वळल्या.

मग गच्चीचा प्रसंग आला, आणि सगळे गप्प झाले. अडीचशे पोरं उठून उभी राहिली. पडद्यावरच्या मिनलच्या बरोबरीनं, हळू आवाजात, प्रार्थना म्हणावी तशी म्हणाली, “मला थुझं रक्थ नको, शोबथ हवी.”

कुणी हसलं नाही. किसनदादांच्या शेजारची मुलगी तर ओढणीनं डोळे पुसत होती.

दिवे लागले. ठरवून आलेलं सगळं भाषण किसनदादा विसरले. तरी ते उभे राहिले.

“ऐका जरा. मी त्या पोरीचा बाप हाय.” सभागृह वळलं. “ती बोबडी न्हाई. ती लई चांगली बोलते. ही कवळी मी केली, जाड केली, म्हणून तिची जीभ अडकली. हसायचं तर मला हसा. तिला न्हाई.”

आणि त्यांनी रुमाल उघडून मला वर धरलं. अडीचशे माणसांनी माझ्याकडे श्वास रोखून पाहिलं. इतका मान मला कधी मिळाला नव्हता. मला वाटलं, आता दगड येणार. आल्या टाळ्या.

शेजारची मुलगी पुढे आली. “काका, मी करिष्मा. मॅडमच्या हाताखालीच आहे. आम्ही हसत नाही हो. म्हणजे पापडांना हसतो. मी नांदेडहून आले तेव्हा सहा महिने कंपनीत माझ्या शेजारी डबा खायला कुणी बसायचं नाही. रोज बसमधून जाताना हा सिनेमा बघायचे. ती अडखळत बोलते ना, ते खरं वाटतं. नीट बोलली असती तर मी कधीच विसरले असते.”

किसनदादांनी मला पुन्हा रुमालात गुंडाळलं. करिष्मानं तोवर मॅडमना फोन लावला होता.

अर्ध्या तासात मिनल स्कूटर घेऊन आली, हेल्मेटसकट आत शिरली. “बाबा, घरी चला. कशाला आलात तुम्ही इथं?”

“सांगायला आलो. चूक माझी होती म्हणून. इतकी वर्षं तू माझ्या चुकीपायी...”

“तुमची नव्हती.” तिनं हेल्मेट काढलं. “निरंजननं मला कवळी काढायला सांगितलं होतं. मीच नाही काढली.”

“का?”

“तुम्ही तीन दिवस नीट जेवला नव्हतात ती करताना. तिच्या जागी कागद चिकटवू?”

किसनदादा खाली पायरीवर बसले. मिनल शेजारी बसली. करिष्मानं कुणाला न विचारता आपला डबा उघडून दोघांच्या मधे ठेवला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

मग मिनलनंच हात पुढे केला. “बघू द्या.” अंगठा आणि बोटात धरून, कंपनीत पुर्जे बघते तशी तिनं माझी जाडी पाहिली. “बाबा, ही आमच्याकडे आली असती ना, तर मी रिजेक्ट केली असती.”

किसनदादा हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

त्याला वर्ष झालं. आता मी खणात नसते, किसनदादांच्या टेबलावर असते. उद्या रविवार, पुन्हा खेळ आहे, आणि या वेळी मिनल स्वतः स्टेजवर ते वाक्य म्हणणार आहे. वयानं तिच्या दातांची ठेवण बदलली, म्हणून मी बसेना. किसनदादांनी आज आतून थोडी भर घातली. थोडक्यात, मी पूर्वीपेक्षाही जाड झाले आहे.

“बाहेरून घासून पातळ करू का?” त्यांनी विचारलं.

“हात लावू नका,” मिनल म्हणाली.

तर मंडळी, तुम्हीही या. पापडांना मनसोक्त हसा, मलाही हसा, मला सवय आहे. फक्त ती उभी राहिली की जरा शांत बसा. ती बोलत असताना मी मधे मधे करणारच. तेवढं पोटात घाला.