खालच्या पट्टीतली गाणी

आत्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि काउंटरवर भाची बसायची. आईवडील लवकर गेले, म्हणून आत्यानंच तिला लहानाचं मोठं केलं. आत्यानं लग्न केलं नव्हतं. "माझा संसार दुसऱ्यांच्या नाकावर," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि आतल्या खोलीत काचा घासायला निघून जायची. भाचीचा आवाज बारीक आणि चढा, म्हणून आत्यानं तिचं नाव पिपाणी ठेवलं होतं. शाळेचा दाखला सोडला तर सगळीकडे तेच नाव चाललं.

पिपाणी एकोणीस वर्षांची असताना एक म्हातारा गृहस्थ दुकानात आला. जवळच्या हॉटेलात दुपारच्या जेवणाच्या वेळी तो पियानो वाजवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. लिहिलेले स्वर हल्ली एकमेकांत मिसळतात, अशी त्याची तक्रार होती. पिपाणी त्याच्या फ्रेमच्या काड्या गरम करून वाकवत होती, कोपऱ्यात रेडिओ लागला होता आणि ती सवयीनं गुणगुणत होती. मास्तर ऐकत राहिला.

"गाणं एका रस्त्यानं चाललंय आणि तू दुसऱ्या," तो म्हणाला. "पण चौकात बरोबर भेटता. कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. काचा पुसता पुसता येतं."

"याला जॅझ म्हणतात, पोरी. दुपारी सुट्टी कधी असते तुझी?"

आत्या आतून म्हणाली, "तिला सुट्टी नसते. पण देता येईल."

असं ते सुरू झालं. हॉटेलात चौघं होते. पियानोवर मास्तर, शिडीएवढा बास वाजवणारा शिडीएवढाच माणूस, एक ड्रमवाला, आणि सॅक्सोफोनवर एक पोस्टमन. तो सकाळी टपाल वाटून थेट हॉटेलात यायचा. "दिवसाला दोनशे जिने चढतो, माझा श्वास काही फुकटचा नाही," असं त्याचं म्हणणं. मास्तर तिला गाण्याचे शब्द आधी नुसते बोलायला लावायचा. "वाण्याकडे साखर मागतेस तसं बोल. खरं वाटलं की मग गा." कुठं थांबायचं हेही त्यानंच शिकवलं. ओळ संपली की गायकाला घाई सुटते, आणि त्या मोकळ्या जागेत बाकीच्यांचं म्हणणं ऐकलं तर पुढची ओळ आपोआप येते, हे तिला वर्षभरानं कळलं. चार वर्षांत ती चाळीस गाणी शिकली आणि लोक जेवताना घास हातात धरून थांबायला लागले.

मग एका मोठ्या वाद्यवृंदाचा म्होरक्या तिथं जेवायला आला. त्याच्याकडे अठरा वादक होते आणि मोठमोठ्या सभागृहांतले कार्यक्रम. त्यानं दोन दिवसांत निर्णय मागितला. तिला जायचंच होतं, पण मास्तरसमोर उभं राहून सांगायचं धाडस झालं नाही. तिनं चार ओळींची चिठ्ठी हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवली आणि गाव सोडलं. आत्या एवढंच म्हणाली, "तोंडानं सांगितलं असतंस तर बरं झालं असतं." तिला तेव्हा आत्याचा राग आला, कारण आत्या बरोबर होती.

दोन वर्षं तिचं नाव गाजलं. एका गाण्याच्या शेवटी ती इतका उंच सूर लावायची की लोक खुर्च्यांवरून उठायचे. मग तो सूर प्रत्येक कार्यक्रमात हवाच, असं ठरून गेलं. सर्दी असो, ताप असो, म्होरक्या पडद्याआडून बोट वर दाखवायचा. एका संध्याकाळी तिनं सूर लावला आणि नुसती हवा बाहेर आली.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, स्वरतंतूवर गाठ आहे, ती काढावी लागेल. त्यानंतर सहा आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. "आवाज परत येईल," त्या म्हणाल्या, "पण तो तुम्हाला ओळख देईलच असं नाही."

गाठ काढून झाल्यावर पिपाणी घरी आली. वाद्यवृंदानं फुलं पाठवली, आणि फुलं सुकायच्या आत शहरात नव्या गायिकेचे फलक लागले. त्या सहा आठवड्यांत घरात आत्याच दोघींच्या वाटचं बोलली. ती प्रश्न विचारायची, उत्तर स्वतःच द्यायची आणि मग त्या उत्तराशी भांडायची. पिपाणीला हसू यायचं, पण आवाज न करता हसणं किती कठीण असतं ते तिला तेव्हा समजलं. दुपारी आत्या तिला कामाला बसवायची. पिपाणी अक्षरांच्या तक्त्यावर काठी ठेवायची आणि गिऱ्हाईक वाचायचं. बोलणाऱ्यांपेक्षा गप्प बसणाऱ्यांशी माणसं जास्त बोलतात. एका आजीबाईंनी तर नंबर काढता काढता तीन सुनांची हकिकत सांगितली.

सातव्या आठवड्यात तिनं पहिला शब्द उच्चारला, "आत्या." तो आवाज जाड आणि खोल होता, मातीच्या रांजणात बोलल्यासारखा. आत्याच्या हातातली काच खाली पडली. महिनाभर पिपाणीनं हळूहळू गळा तापवून पाहिला. खालचे सूर होते, पूर्वी नव्हते तेही आले होते. वरचे मात्र गेले ते गेलेच. आपली सगळी गाणी वरच्या पट्टीतली. तिनं मनाशी ठरवलं, आता आपण चष्मे विकायचे.

एका मंगळवारी मास्तर दुकानात आला. काखेत कापडी दोऱ्यानं बांधलेलं जाडजूड बाड होतं. ते त्यानं काउंटरवर ठेवलं आणि खुर्चीत बसला. पिपाणीला कुठं पाहावं कळेना.

"मास्तर, त्या चिठ्ठीबद्दल मला..."

"चिठ्ठीत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. माझा राग तेवढ्यापुरताच. हे सोड."

तिनं दोरा सोडला. आत चाळीसच्या चाळीस गाणी होती, शाईनं लिहिलेली, सगळी खालच्या पट्टीत उतरवलेली. पियानोची पानं वेगळी, बासची वेगळी, सॅक्सोफोनची वेगळी. शेवटच्या काही पानांवर अक्षर थरथरलं होतं.

"तुम्हाला कसं कळलं, माझा आवाज..."

मास्तरनं आतल्या खोलीकडे मान वळवली. आतलं काच घासायचं यंत्र एकदम जोरात सुरू झालं.

"तुझ्या आत्यानं पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं, डॉक्टरीणबाई म्हणतात आवाज उतरेल. किती उतरेल ते कुणालाच माहीत नव्हतं. मग मी तुझ्या आत्याच्या आवाजावरून अंदाज बांधला. रक्त एकच. पोस्टमनला नव्यानं बोटं बसवावी लागली, तो महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हता. पण बसवली."

"मी तर तुम्हाला सोडून गेले होते."

मास्तरनं चष्मा काढून पुसला. "तुझ्या वयाचा असताना मीही एकाला असाच सोडून गेलो होतो. परत आलो तेव्हा त्यानं दार उघडलं नाही. त्याचं चुकलं, असं मला चाळीस वर्षं वाटतंय. मग माझी पाळी आल्यावर मी काय करायला हवं होतं?"

पिपाणी रडली. आत्या बाहेर आली, तिनं काच पुसायचं फडकं तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "नवं आहे. नाक पुसू नकोस."

पहिला सराव एका शाळेच्या रिकाम्या वर्गात, रविवारी सकाळी झाला. तिचा आवाज अडखळला, दोनदा फाटला. जुनी सवय तिला वर ओढत होती. तिसऱ्या गाण्याला पोस्टमननं सॅक्सोफोन तोंडापासून दूर केला. "वर काही ठेवलेलं नाही," तो म्हणाला. "जिना उतरताना धावायचं नसतं, एकेक पायरी." ती डोळे मिटून सावकाश उतरत गेली, आणि ओळीच्या शेवटी असा एक सूर सापडला की बासवाल्यानं हात थांबवून नुसतं तिच्याकडे पाहिलं.

हॉटेलातल्या पहिल्या दुपारी दोन जुनी गिऱ्हाइकं उठून गेली. त्यांना तो उंच सूर हवा होता. बाकीचे बसले. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यातली टेबलंही भरली. त्या आवाजात काहीतरी सोसलेलं होतं आणि तरी तक्रार नव्हती, म्हणून लोक पुन्हा पुन्हा येत. वर्षभरात बाहेरगावची आमंत्रणं आली. ती पाचही जणांना मिळून असतील तरच ती घ्यायची. कार्यक्रमाच्या शेवटी ती एकेकाची ओळख इतकी लांबवायची की ड्रमवाला कंटाळून मधेच पुढचं गाणं सुरू करून टाकायचा.

तिशीत तिची पहिली तबकडी निघाली. वेष्टणावर आभाराची यादी एवढी लांबली की छापणारा म्हणाला, "बाई, एवढं मावायचं नाही. तुमचा फोटो आहे, गाण्यांची नावं आहेत. काहीतरी काढा."

"फोटो काढा," ती म्हणाली.

छापणाऱ्याला वाटलं, थट्टा करतेय. पण तिनं खरंच फोटो काढून टाकायला लावला. यादीत सगळे मावले: डॉक्टरीणबाई, पोस्टमन, शिडीएवढा बासवाला, ड्रमवाला, वर्गाची किल्ली देणारा शाळेचा शिपाई, आणि मोठ्या वाद्यवृंदाचा तो म्होरक्यासुद्धा, कारण मोठ्या सभागृहात उभं कसं राहायचं ते त्यानंच शिकवलं होतं. सगळ्यात वर मास्तर आणि आत्या.

त्या रविवारी आत्यानं सगळ्यांना जेवायला बोलावलं. माणसं जास्त आणि जागा कमी, म्हणून दुकानातल्या खुर्च्या घरात आणल्या. मास्तरची बोटं आता आखडायला लागली होती, तरी त्यानं सगळ्यांच्या पानात स्वतः वाढलं. पोस्टमन निवृत्तीच्या गोष्टी सांगत होता, आत्या त्याला दर वाक्यागणिक अडवत होती. कुणीतरी पिपाणीला म्हणालं, "तूही बोल की काहीतरी." तिनं नकारार्थी मान हलवली. घास गिळला, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि त्या सगळ्यांचं बोलणं ऐकत बसली.